साठ माणसं एकदा, की पाच माणसं बारा वेळा?

पत्र

ताई, नमस्कार.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात सरकारी मराठी प्राथमिक शाळेची मी मुख्याध्यापिका आहे. पहिली ते चौथी, पटावर २३ मुलं, मी आणि एक सहशिक्षिका. गेली तीन वर्षं आमच्याकडे कंपन्यांच्या बसगाड्या येऊ लागल्या आहेत. एका कंपनीने भिंती रंगवल्या, पुढच्या वर्षी दुसरीने त्याच भिंतींवर पुन्हा चित्रं काढली. एकीने चाळीस रोपं लावली, त्यातली दोन जगली. कंपनीचं नाव छापलेली दप्तरं मिळाली. मोठा स्मार्ट टीव्ही मिळाला, तो अजून खोक्यात आहे, कारण इंटरनेट नाही आणि वायरिंगचा भरवसा नाही. दर वेळी स्वागतगीत, फुलं, फोटो, आणि शाळेचा एक दिवस जातो तो वेगळा.

आता ५ जूनला वेर्ण्याच्या एका औषध कंपनीचे साठ लोक झाडं लावायला येणार म्हणतात. सरपंच खूश, पालक खूश. मला नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायला जीभ उचलत नाही. त्यात टीव्ही देणाऱ्या कंपनीकडून परवा एक कागद सहीसाठी आला. त्यात लिहिलंय, ‘उपक्रमाचा लाभ १५० विद्यार्थ्यांना झाला.’ पाठवणारा मुलगा फोनवर म्हणतो, ‘मॅडम, फॉर्मॅलिटी आहे.’ सही करू का? की मीच फार ताणतेय?

— एक मुख्याध्यापिका, सत्तरी


उत्तर

बाई, नमस्कार.

आधी कागदाचं बघू, कारण तो टेबलावर पडलाय. आहे तशी सही करू नका. भांडूही नका. शाळेच्या लेटरहेडवर चार ओळी लिहा: अमुक तारखेला एक टीव्ही मिळाला, तो अद्याप बसवलेला नाही, दप्तरंही त्यांनीच दिली असतील तर किती मिळाली आणि किती मुलांना दिली, शाळेचा पट २३. खाली सही, शिक्का, तारीख. त्यांचा कागद त्याला टाचून परत पाठवा आणि दोन्हींची झेरॉक्स स्वतःच्या फायलीत ठेवा.

तो मुलगा ‘फॉर्मॅलिटी’ म्हणतो त्यात त्याची लबाडी असेलच असं नाही. त्याच्या टेबलापुरती ती फॉर्मॅलिटीच असते. त्याच्या वरच्या टेबलावर ती तशी राहत नाही. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ म्हणजे ही सगळी सीएसआरची, कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीची, भानगड. एप्रिल २०१४ पासून ते लागू आहे. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजाच्या कामावर खर्च करायचे. २०२१ मध्ये नियम कडक झाले. दिलेला पैसा ठरवलेल्या कामासाठी आणि ठरवलेल्या रीतीनेच वापरला गेला, असं आता कंपनीच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याला लिहून द्यावं लागतं. म्हणजे तुमच्या सहीवर त्या मुलाची सही, तिच्यावर त्याच्या साहेबाची, आणि सगळ्यात वर वित्त अधिकाऱ्याची. उद्या कोणी विचारलं की दीडशे मुलं दाखवा, तर शिडीवरून सगळे खाली बघणार, आणि खाली तुम्ही.

हे मला ठाऊक आहे कारण मी त्या शिडीच्या मधल्या पायरीवर बसायचे. एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात वीसेक वर्षं काढली, शेवटची काही वर्षं सीएसआर माझ्याच गळ्यात होतं. १५० कुठून आले याचा अंदाज करते: प्रस्ताव लिहिताना आसपासच्या चार-पाच शाळांचा पट एकत्र धरला असेल, टीव्ही आला एकाच शाळेत, पण तक्त्यातला आकडा कोणी बदलला नाही. असले आकडे मीही पुढे ढकललेत. तेव्हा एकाही मुख्याध्यापिकेने मला दुरुस्त केलेला कागद परत पाठवला नाही. पाठवला असता तर आठवडाभर तिच्या नावाने बोटं मोडली असती, आणि पुढच्या वर्षी तिलाच आधी फोन केला असता.

टीव्हीचं आणखी एक. सीएसआरच्या पैशातून घेतलेली टिकाऊ वस्तू कंपनीला स्वतःच्या मालकीची ठेवता येत नाही. सरकारी शाळेला दिली की ती सरकारी शाळेची. तेव्हा डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, तिची नोंद करा आणि भाग शिक्षणाधिकाऱ्यांना एक ओळ लिहून कळवा. खोक्यात असली तरी नोंद हवी. उद्या तुमची बदली झाली तर येणारी बाई विचारील, हे खोकं कोणाचं?

आता त्या साठ माणसांकडे येते. पण आधी माझा एक किस्सा ऐका, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल.

सीएसआर कायद्याची पहिलीच वर्षं होती. सप्टेंबरातला तिसरा शनिवार जगभर किनारा-सफाईचा दिवस म्हणून पाळतात. मी सत्तर लोक, सत्तर टी-शर्ट आणि दोन बसगाड्या घेऊन सासष्टीतल्या एका किनाऱ्यावर गेले. दोन-अडीच तासांत काळ्या पिशव्यांचा ढीग झाला. ढिगासमोर फोटो झाले, भाजीपाव झाला, आम्ही परत. पिशव्या न्यायला ट्रक येणार होता. तो ठरवला कोणी होता? प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने. सोमवारी संध्याकाळी मन राहवेना म्हणून मी एकटीच जाऊन बघितलं. कुत्र्यांनी पिशव्या फाडल्या होत्या, भरतीने अर्धा माल पुन्हा वाळूवर पसरला होता. एक रापणकार, रापण ओढून मासे धरणारा, जाळं सारखं करत बसला होता. त्याने मला ओळखलं. म्हणाला, ‘कचरो आदीं सगळेकडेन आशिल्लो, तुमीं एका जाग्यार करून दिलो.’ (कचरा आधी सगळीकडे होता, तुम्ही तो एका जागी करून दिलात.) त्याहून वाईट पुढे. आमच्यातल्या उत्साही मंडळींनी टेकाडावरच्या हिरव्या वेलीही ‘साफ’ केल्या होत्या, जांभळ्या फुलांसकट. ती मर्यादवेल. वाळूचं टेकाड धरून ठेवते ती. अहवालात मी लिहिलं: ‘७० स्वयंसेवक, इतक्या पिशव्या.’ वेलीचं कशाला लिहीन?

म्हणून तुमच्या चाळीस रोपांतली अडतीस का मेली, हे मला कोणी सांगायला नको. दोष त्या लोकांच्या मनात नव्हता, कॅलेंडरात होता. ५ जून हा पर्यावरण दिन ठरला तो १९७२ च्या स्टॉकहोमच्या परिषदेवरून. सत्तरीच्या मातीला स्टॉकहोम माहीत नाही, तिला मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, माहीत. पाच तारखेला पाऊस लागलेला असेलच असं नाही. लागला तरी रोपाची खरी परीक्षा जूनमध्ये नसतेच. गोव्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत काठी रोवली तरी तिला पालवी फुटेल. रोप मरतं ते फेब्रुवारी ते मे, जांभ्या दगडाच्या खड्ड्यात, जेव्हा खालचं पाणी संपलेलं असतं आणि गावची गुरं मोकळी सुटलेली असतात. त्या दिवसांत कंपनीची बस कधी आल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आणि खरं सांगू? म्हादई अभयारण्याच्या तालुक्यात वेर्ण्याहून झाडं घेऊन येणं म्हणजे मडगावच्या बाजारातून सुपाऱ्या घेऊन कुळागरात, पोफळीच्या बागेत, जाण्यासारखं. शाळेला सावली हवी असेल तर पाच झाडं पुरेत: एखादं जांभूळ, भिरंड (कोकम), आंबाडा, मुलं पोटभर खातील अशी. प्रत्येकाला कुंपण आणि तीन उन्हाळे पाणी घालायची लेखी हमी. ती हमी द्यायला कोणी तयार नसेल तर खड्डेही मारू देऊ नका. जगलेली दोन रोपं मात्र जपा. ती कुठे आहेत ते बघा. नळाजवळ किंवा मुलं हात धुतात तिथेच असतील, पैज लावते.

मग त्यांना काय सांगायचं?

असं सांगा: साठ माणसं एकदा नकोत. पाच माणसं बारा वेळा द्या.

हिशेब मांडून दाखवते, कारण समोरच्याला हाच हिशेब लागतो. साठ माणसं चार तास आली तर २४० तास. पाच माणसं चार-चार तास बारा वेळा आली तरी २४० तासच. वार्षिक अहवालात ‘स्वयंसेवेचे तास’ असा रकाना असतो, त्यात दोन्हींचा आकडा सारखाच पडतो. मनुष्यबळ विभागातल्या बाईचं काहीच जात नाही. उलट पाच माणसं एका गाडीत मावतात. साठांना मोठी बस, साठ टोप्या, साठ टी-शर्ट, साठ जेवणं लागतात, आणि वेर्ण्याहून तुमच्याकडे जाऊन-येऊन तीन-चार तास तर रस्त्यातच जातात.

इथे एक गंमत सांगते, ती कंपन्यांतल्याही पुष्कळांना ठाऊक नसते. कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेचे पैसे लावून ते त्या दोन टक्क्यांत धरता येत नाहीत. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ साली हे स्पष्ट केलं: कर्मचाऱ्यांना या कामात जरूर गुंतवा, पण त्यांच्या फुकट सेवेची किंमत सीएसआर खर्चात मोजू नका. म्हणजे हे साठ लोक कायद्याच्या धाकाने येत नाहीयेत. काही साहेबाने सांगितलं म्हणून येतात, काही एक दिवस मशीनपासून सुटका म्हणून. आणि चार-पाच जण खरोखर मनापासून येतात. दर बसमध्ये असे चार-पाच असतात, वीस वर्षं बघितलंय. बसमध्ये मागे बसतात आणि फोटोच्या वेळी नेमके कुठेतरी झाडू मारत असतात. तुम्हाला हवेत ते हेच पाच.

त्यांच्याकडून काय करून घ्यायचं? त्यांना जे येतं ते. साठ पदवीधरांच्या हातात रंगाचा ब्रश द्यायचा, हा कुठला शहाणपणा? तेही सत्तरीच्या भिंतींवर, जिथे जुलैत पोपडे धरतात. रंगारी ते काम अर्ध्या दिवसात आणि नीट करील. औषध कंपनीत पाणी हा कच्चा माल असतो. तिथे पाण्याची तपासणी हे रोजचं काम, आणि त्यासाठी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली मुलं-मुली ठेवलेली असतात. तुमच्या शाळेत मुलं विहिरीचं पाणी पितात का? मग त्यांना म्हणा, आमची विहीर तपासा. पावसाआधी एकदा, भर पावसात एकदा, पाऊस सरल्यावर एकदा. एका पिकनिकपेक्षा ह्या तीन खेपा मोलाच्या.

आणि तपासणी मुलांसमोर करा म्हणावं. एचटूएस बाटली नावाची एक स्वस्त चीज मिळते. बोटभर बाटली, तळाशी सुकलेलं औषध. खुणेपर्यंत विहिरीचं पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि उबदार जागी ठेवून द्यायची. एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर त्यात विष्ठेतले जंतू असण्याची शक्यता मोठी. तिसरीतलं पोर सकाळी वर्गात आल्या आल्या कपाटाकडे धावतं आणि ओरडतं, ‘बाई, काळी झाली!’ हे मी एका शाळेत पाहिलंय. त्या दिवशी हात धुण्यावर भाषण द्यावं लागलं नाही. (काळी झालेली बाटली मुलांना उघडू देऊ नका, कंपनीच्या माणसाला ब्लीचिंग पावडर घालूनच तिची विल्हेवाट लावायला सांगा. आणि निकाल आरोग्य केंद्राला लेखी कळवा.) जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बहुधा थोडं आम्लधर्मी असतं, तेही मुलांना कागदाची पट्टी बुडवून दाखवता येईल. शाश्वत विकासावरचं भित्तिपत्रक मी त्यानंतर वाचीन, आधी नाही.

दुसरा माणूस मागा तो मेंटेनन्समधला. फिटर आणि इलेक्ट्रिशियन. ह्या लोकांना बसमधून कोणी आणत नाही, कारण त्या दिवशी प्लँट चालू ठेवायचा असतो. येतात ते ऑफिसातले. तुम्ही नाव घेऊन मागा: आम्हाला तुमचा इलेक्ट्रिशियन एक दिवस हवा. अर्थिंग आहे का, स्विचबोर्ड ओल धरतोय का, टीव्ही लावला तर चालेल का, एवढं तो बघून सांगील. सरकारी इमारतीच्या वायरिंगला हात लावायला वरून परवानगी लागेल, तेव्हा काय बिघडलंय ते त्याच्याकडून लिहून घ्या आणि तो कागद भाग शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. ‘वायरिंग खराब आहे’ असं तुम्ही म्हणणं वेगळं आणि परवानाधारक माणसाने बोर्डागणिक लिहून देणं वेगळं. दुसऱ्या कागदाची फाईल जरा लवकर हलते.

तिसरं मागणं मला सगळ्यात जवळचं. वाळपईकडून पहाटे कंपन्यांच्या बसगाड्या वेर्ण्याकडे, कुंडईकडे जातात. त्यात तुमच्याच शाळेत शिकलेलं कोणी नाही, असं होणारच नाही. तुमच्या गावची, शेजारच्या गावची मुलं-मुली. कंपनीला विचारा: आमच्या भागातले तुमच्याकडे कोण आहेत? त्यातल्या एका मुलीला महिन्यातून दोनदा, भरल्या पगाराने, दोन तास शाळेत येऊ द्या. तिने बाकी काही करायचं नाही. एकेका मुलाला शेजारी बसवून त्याच्याकडून पान वाचून घ्यायचं. एक पान, दहा मिनिटं, तो अडला तर थांबायचं. दोन शिक्षिका आणि चार इयत्ता असताना तुम्हाला ते जमत नाही. जमणार कसं? एक जण चौथीला भागाकार शिकवतेय तोवर पहिलीतला पेन्सिल हरवून रडतोय. तिसरी संपताना प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, असं निपुण भारत योजनेचं म्हणणं आहे. ते घडतं असं शेजारी बसून ऐकण्यानेच. शिवाय ती मुलगी आपल्याच बाकावर शिकून गेली, हे पोरांना दिसतं, आणि पोरांच्या आयांनाही.

इथे थोडं थांबते, कारण तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही आणि ती मला सारखी दिसतेय. २३ चा पट. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव मराठी शाळा उघडल्या, आज त्यांतल्या कितीतरी पटाअभावी बंद झाल्या किंवा दुसऱ्या शाळेत मिसळल्या. बसगाडी आली, पेपरात फोटो आला, की गावाला वाटतं आपली शाळा कोणाच्या तरी नजरेत आहे. सरपंच त्यासाठीच खूश असणार. तुम्हालाही ‘नाही’ म्हणवत नाही ते भिडेपोटी नव्हे, ह्या भीतीपोटी, असा माझा कयास. चुकत असेन तर सोडून द्या. पण रंगवलेल्या भिंतीकडे बघून पालक मूल घालत नाहीत. दुसरीतलं मूल घरी येऊन आजीला वर्तमानपत्र वाचून दाखवतं, ही बातमी मात्र नळावर, देवळात, हळदीकुंकवात फिरते.

म्हणून सरपंचांशी असंच बोला. ‘कंपनी नको’ म्हणू नका, ‘कंपनी जास्त वेळा हवी’ म्हणा. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लावा, गरजांची यादी समितीकडून मंजूर करून घ्या आणि ठरावाचा उतारा कंपनीला पाठवा. मग ‘नाही’ म्हणणारी एकटी बाई उरत नाही, समिती असते. केंद्र सरकारचं विद्यांजली नावाचं पोर्टल आहे, २०२१ मध्ये ते नव्या रूपात आलं. सरकारी आणि अनुदानित शाळांना त्यावर आपली गरज स्वतः मांडता येते, सेवा हवी की वस्तू तेही. यू-डायस क्रमांकाने, म्हणजे शाळेच्या सरकारी ओळख क्रमांकाने, नोंदणी होते. इंटरनेट शाळेत नसलं तरी मोबाइलला रेंज येईल तिथून ते करता येईल. तिथे ‘स्मार्ट टीव्ही’ लिहू नका हो. ‘वाचून घेणारी व्यक्ती, महिन्यातून दोनदा’ असं लिहा.

कंपनीला लिहायच्या पत्राचा मसुदाही देऊन टाकते, हवा तसा फिरवा:

‘आपण आमच्या शाळेत येऊ इच्छिता याचा आनंद आहे. शाळेत २३ मुले व दोन शिक्षिका आहेत. साठ जणांना सामावून घेणे शक्य नाही. त्याऐवजी आपल्या पाच कर्मचाऱ्यांनी वर्षभरात बारा वेळा यावे अशी विनंती आहे. कामे अशी: विहिरीच्या पाण्याची तपासणी, वायरिंगची पाहणी, मुलांकडून वाचून घेणे, पाच झाडांची तीन वर्षे देखभाल. येणाऱ्यांनी आपली पाण्याची बाटली व डबा आणावा आणि झालेला कचरा परत न्यावा. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय काढू नयेत. शिक्षिकांच्या उपस्थितीशिवाय मुलांसोबत राहू नये. स्वागत समारंभ होणार नाही.’

शेवटची ओळ लिहायला हात अडखळेल, पण ती ठेवाच. मुलांनी उन्हात उभं राहून गुलाब द्यायचे आणि साहेबांनी त्यांच्या गालाला हात लावायचा, हे मला पूर्वीही बघवत नसे. माझ्या साहेबांना त्याचं फार होतं. कचऱ्याच्या ओळीवर तर ठाम राहा. एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमच्यांवर देशात १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, तरी पर्यावरण दिनाच्या जेवणावळीत काय काय दिसतं ते विचारू नका. शिवाय साठ लोकांनी साठ बाटल्या पाणी पिऊन रिकाम्या तुमच्या ओसरीवर टाकायच्या, त्याच शाळेत जिची विहीर कोणी तपासली नाही? ते लोक गेल्यावर गोणी बांधून तुम्हीच बसणार.

कंपनी ‘बघतो’ म्हणून गप्प बसली तर बसू दे. तुमचं काही गेलं नाही, शाळेचा एक दिवस वाचला. ती घासाघीस करील, तीस माणसं आणि सहा खेपा म्हणेल. तेव्हा माणसं कमी करा, खेपा कमी करू नका. आणि कायद्यातली एक ओळ हाताशी असू द्या: कंपनीने जिथे ती काम करते त्या स्थानिक भागाला प्राधान्य द्यायचं असतं. वेर्णा तुमच्यापासून लांब, पण पिसुर्ले आणि होंडा तर तुमच्या तालुक्यातच. तिथल्या औद्योगिक वसाहतींत चौकशी करा. तिथला माणूस दुपारच्या सुट्टीत स्कूटरवरूनही येऊन जाईल.

एक राहिलंच. आलेल्या माणसांना नुसतं कामाला लावू नका, त्यांना शिकवाही, आणि ते मुलांना करू द्या. ह्या कंपन्यांत बाहेरच्या राज्यांतले पुष्कळ लोक असतात. तुमची पोरं रानात जाऊन माटोळीचं, चतुर्थीला गणपतीच्या वर टांगायच्या रानफळांचं, सामान आणतात ना? चतुर्थीच्या आधीच्या खेपेला त्या पाच जणांना वर्गात बसवा आणि पोरांना सांगा, माट्टीचं फळ, कांगलां, कवंडळ, आंबाडे, एकेक हातात घेऊन नाव सांगा आणि ते कुठे मिळतं तेही. चौथीतलं पोर एका एमएस्सी झालेल्या माणसाचे उच्चार दुरुस्त करतंय, याचा फोटो (संमती घेऊन) कंपनीला काढू द्यायला माझी हरकत नाही.

कागदाला आठवडाभरापेक्षा जास्त लावू नका. आणि ते टीव्हीचं खोकं आज उघडा. आत वॉरंटी कार्ड असेल, त्यावर खरेदीची तारीख. असल्या वस्तूंची वॉरंटी बहुतेक वर्षाचीच असते, आणि सत्तरीची ओल पडद्याला लागायला एक पावसाळा पुरतो.